शेपटीची कड

माशाच्या शेपटीला पांढरी कड आली होती. आता यात दचकण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारील. मासा केवढा, तर तळहाताएवढासुद्धा नाही; त्याची शेपटी ती केवढी, आणि तिची कड केवढी. पण श्रीनिवास शनिवारचा पहिला चहा घेऊन टाकीसमोरच्या खुर्चीत टेकला होता, त्याचा हात कपासकट तसाच राहिला. उभं आयुष्य तो माणसांच्या कातडीवरच्या कडाच बघत आला होता. ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात त्वचारोगाच्या क्लिनिकमध्ये असोसिएट स्पेशलिस्ट; म्हणजे काम कन्सल्टंटचं आणि दारावर पाटी दुसऱ्याची. पेशंट शर्ट काढायचा, आणि श्रीनिवास डाग बघायचा नाही, डागाची कड बघायचा. उचललेली आहे का, लाल आहे का, पुढे सरकते आहे का. मधे सगळं होऊन गेलेलं असतं, आजार कडेला चालू असतो, असं तो नव्या पोरांना शिकवायचा. आणि आता सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या घरात, चष्मा नीट न लावताही त्याला दिसलं, की शेपटीच्या टोकाला दुधाळ पट्टी आहे, तिच्यात दोन बारीक चिरा आहेत आणि पट्टी आत आत सरकते आहे. नको रे बाबा, असं त्याच्या मनात आलं. आठवडाभर लोकांची खाज ऐकून तो शिणला होता. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, आणि ते कुणी फार हलवाहलव न करता पार पडू द्यावं, एवढंच त्याचं मागणं होतं. पण खरं सांगायचं तर पहिला विचार ना माशाचा होता ना स्वतःचा. पहिला विचार असा आला, की सुप्रभाला हे दिसलं असेल का.

सुप्रभा त्याची बायको. ती स्वयंपाकघरात होती आणि नळ चालू होता. मासा मुळात त्यांच्या मुलाचा. यशोधनला एडिनबराला एका विमा कंपनीत नोकरी लागली, तेव्हा त्याने इथला फ्लॅट सोडताना टाकी, पंप, फिल्टर, खडे, सगळं गाडीत घालून आणलं, 'जस्ट फॉर अ फ्यू वीक्स, आई' म्हणाला आणि गेला. माशाचं नाव त्याने केविन ठेवलं होतं. सुप्रभाच्या तोंडी काही केविन बसेना. पहिल्याच दिवशी ती काचेशी वाकली आणि तिने त्याला हाक मारली ती 'सोन्या' म्हणून. श्रीनिवासच्या हातातला पेपर खाली आला. या घरात हा शब्द कधी निघाला नव्हता. यशोधनला ती पाळण्यात असल्यापासून यशोधनच म्हणायची, शाळेच्या रजिस्टरात असल्यासारखं. तशी ती अबोल होती असंही नाही. गॅसचं बिल आलंय, भाजीत मीठ कमी पडलं का, शेजारीण जिना घसरली, हे सगळं ती सांगायची. पण रेडिओवर बातम्या सांगतात ना, तसं. तिचं स्वतःचं त्यात काही नसायचं. श्रीनिवासला सवय झाली होती. माणसाला कशाची सवय होत नाही? आणि मग हा मासा आला, आणि बाई चक्क बोलायला लागल्या. 'सोन्या, आज बाहेर काळोखी आलीय हं.' 'सोन्या, तुला कळतं का रे मी आल्याचं?' आणि माशाशी बोलता बोलता वळून नवऱ्याला, 'अहो, बघा तर खरं, हा मला ओळखतो. तुम्ही गेलात की नाही येत वर.' त्या 'बघा तर खरं'मध्ये सांगलीची, लग्नाच्या वेळची मुलगी होती. श्रीनिवासला त्याची बायको थोडी थोडी परत मिळत होती, ती एका माशाच्या मध्यस्थीने. पण त्यात मानापमान बघायचं त्याचं वय राहिलं नव्हतं. म्हणून हा मासा मरता कामा नये. तो मेला तर सुप्रभा पुन्हा त्या बातम्यांमध्ये निघून जाईल, आणि तिला तिथून परत आणण्याचं बळ आता आपल्यात नाही, हे श्रीनिवासला त्या शनिवारी चहा गार होता होता स्वच्छ कळलं.

तिला दिसलंच होतं. 'दोन दिवस झाले,' ती दाराशी येऊन हात पुसत म्हणाली, 'मला वाटलं, माझ्याच चष्म्याला काही लागलंय. काय झालं हो त्याला?' श्रीनिवासने क्लिनिकची बॅटरी काढली, भिंग काढलं आणि काचेला नाक लावून बसला. शेपटीच्या मुळाशी केसासारख्या लाल रेघा होत्या. पाठीवरचा पर मासा एरवी ताठ उभा ठेवायचा, तो मिटून अंगाला चिकटवला होता. अन्न टाकलं की वर यायचा, पण उपकार केल्यासारखा. 'फिन रॉट,' तो म्हणाला. 'पर कुजतात. बॅक्टेरिया असतात, काही विशेष नाही.' काही विशेष नाही, हे तो दिवसातून वीसदा म्हणत असे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असे. 'माझ्याकडून काही झालं का?' सुप्रभाने विचारलं. अगदी साध्या आवाजात. श्रीनिवासने भिंग खाली ठेवलं नाही. 'छे गं,' तो भिंगातून बघतच म्हणाला, 'तुझ्याकडून काय व्हायचंय.'

मग उपचार सुरू झाले. दुकानातून निळं औषध आलं, त्याने टाकी शाईच्या दौतीसारखी झाली आणि सुप्रभाला दिवसभर मासा नीट दिसेना. मिठाच्या पाण्याची अंघोळ झाली. बादलीत मीठ विरघळवून मासा त्यात सोडायचा, घड्याळ लावायचं, कलंडायला लागला की उचलायचा. सुप्रभा शेजारी उभी राहून 'पुरे आता, पुरे' म्हणायची. कड एक दिवस थांबल्यासारखी वाटायची आणि पुढच्या दिवशी आणखी एक तुकडा गेलेला असायचा. यशोधनचा फोन यायचा. तो ब्रिस्टलमध्येच जन्मला आणि वाढला. त्याचं मराठी घाईत कपडे घातल्यासारखं. 'आई, माझी मासा कशी आहे?' 'तुझा मासा, अरे. बरा नाहीये.' 'बाबांनी काय दिली त्याला? आय मीन, औषध.' श्रीनिवास फोनवर जाऊन सगळं सांगायचा. यशोधन म्हणायचा, 'इट्स ओन्ली अ गोल्डफिश, बाबा. आईला सांगा, वाईट नको वाटू.' मुलगा चांगला होता. त्याला काही माहीत नव्हतं, एवढंच.

चुकलं कुठे, ते श्रीनिवासला रविवारी कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असंही लगेच वाटलं. तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. सुप्रभाने फिल्टर उघडून त्यातला स्पंज सिंकमध्ये घेतला होता. गरम पाण्याच्या नळाखाली ती तो पिळत होती, सोडत होती, पुन्हा पिळत होती. आधी तपकिरी पाणी निघालं, मग मळकट, मग नितळ. नितळ निघाल्यावरही ती थांबली नाही. शेजारी चाळणीत टाकीतले खडे घासून ठेवले होते, नागपंचमीला धुतलेल्या पाटासारखे लख्ख. टाकीही रिकामी करून पुसलेली, मासा पातेल्यात. 'आजारी जीव आहे,' ती म्हणाली, 'स्वच्छ नको का राहायला? मी एक दिवसाआड करते सगळं. पूर्वी आठवड्याला करायची.' श्रीनिवासने ग्लास भरला आणि तो हातात धरून उभा राहिला. असोसिएट का होईना, तो डॉक्टर होता. त्याला आता कुणी सांगायची गरज नव्हती. मासा त्याच पाण्यात खातो, त्याच पाण्यात मुततो. ते विष खाऊन टाकणारे चांगले जंतू त्या तपकिरी गाळात, त्या स्पंजमध्ये घर करून असतात. ती बाई दर एक दिवसाआड ते घर गरम पाण्याने धुऊन काढत होती. मग विष साठत होतं, पर जळत होते, आणि जळलेल्या कडेवर बाकीचे जंतू बसत होते. तो वरून निळं औषध ओततच होता. खात्री करावी म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी पाणी तपासायच्या नळ्या आणल्या. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष. त्याने सुप्रभा आंघोळीला गेल्यावर थेंब टाकले. पाणी पानासारखं हिरवं झालं. त्याने ते संडासात ओतलं आणि नळी खिशात लपवली, चोरी केल्यासारखी.

सांगायचं काय होतं त्यात? 'अगं, स्पंज धुऊ नकोस,' एवढी चार शब्दांची गोष्ट. दुसरं कुणी असतं तर तो बोलून मोकळा झाला असता. पण श्रीनिवासने एकदा असाच चार शब्दांचा निष्कर्ष सांगितला होता, आणि त्याची फेड अजून चालू होती. एकाहत्तर सालचा हिवाळा. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये ते राहत होते, खिडक्यांना आतून बर्फ धरायचं. मुलगी तीन महिन्यांची, रेखा. सुप्रभाला दूध पुरेना, म्हणून डब्यातली पावडर. पातेल्यात बाटल्या उकळायच्या, पावडरीचे चमचे मोजून घालायचे, वर पाणी. इंग्रज बायका चमचा सुरीने सपाट करायच्या. सुप्रभा पिठाच्या डब्यातून भांडं भरावं तसा तो दाबून भरायची, वर शीग लावायची, आणि शेवटी आणखी अर्धा, लेकराला कमी नको पडायला. आपल्याकडे कोण सपाट वाढतं? दूध घट्ट व्हायचं, त्यातलं मीठ त्या एवढ्याशा अंगाला पेलेना, बाळ तहानेनं रडायचं, आणि रडतंय म्हणून पुन्हा तेच दूध. श्रीनिवास छत्तीस छत्तीस तास ड्युटीवर. एका सकाळी झटके आले, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. वॉर्डातला म्हातारा बालरोगतज्ज्ञ नंतर दोघांना समोर बसवून म्हणाला, की हे अनेक घरांत होतं, यात कुणाचा दोष नाही. इंग्रजी वाक्य होतं, आणि सुप्रभाला तेव्हा त्यातलं अर्धंच कळलं असावं. श्रीनिवासला पूर्ण कळलं होतं. कॉरिडॉरमध्ये आल्यावर त्याने तिला मराठीत विचारलं, 'चमचा दाबून भरत होतीस ना?' ओरडला नाही तो. केस घेताना विचारतात तसं विचारलं. ती म्हणाली, 'हो. भूक लागायची तिला.' बस्स. त्यानंतर या विषयावर त्या घरात एक शब्द झाला नाही. यशोधन झाला तेव्हा श्रीनिवास ड्युटीवर जाण्याआधी दिवसभराच्या बाटल्या स्वतः बनवून फ्रिजमध्ये लावून ठेवायचा. तिला त्रास नको म्हणून, असं तो स्वतःला सांगायचा. ती फक्त बाटली काढायची, कोमट करायची आणि मुलाच्या तोंडात द्यायची. आणि तेव्हापासूनच केव्हातरी तिचं धुणं सुरू झालं. भांडी, ओटा, दाराच्या मुठी, मग हात. बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या. श्रीनिवास त्वचेचा डॉक्टर. त्याने एकाहून एक चांगली मलमं आणून दिली. का धुतेस, असं विचारलं नाही. पुढे केव्हातरी लायब्ररीत त्याने एका जर्नलमध्ये वाचलं, की डब्यातली ती पावडरच मुळात जास्त खारट होती, देशभर बाळं दगावली, आणि आता कंपन्यांना ती बदलायला लावली आहे. त्याने लेख दोनदा वाचला, अंक मिटला आणि बसने घरी आला. घरी ती ओटा पुसत होती. आता कशाला खपली काढायची, असं त्याने ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, दमला होता. जेवला आणि झोपला.

तर आता स्पंज. 'तुझ्याच हाताने होतंय' हे वाक्य दुसऱ्यांदा या तोंडातून निघणार नाही, एवढं नक्की होतं. मग ते कितीही गोड करून असो. तो दोन दिवस मार्ग शोधत होता. क्लिनिकमध्ये एका बाईच्या कोपरावरचे पापुद्रे बघताना त्याला सुचलं, आणि सुचलं ते इतकं खुळचट होतं की त्याला स्वतःचीच लाज वाटली. भिंतीवर पुण्याहून पोस्टाने येणारं कॅलेंडर होतं. आषाढी एकादशी तोंडावर आली होती. सुप्रभा दर वर्षी चातुर्मासाचा नेम करायची, चार महिने काहीतरी सोडायची. श्रीनिवास दर वर्षी तिची टर उडवायचा, की देव काय विलायतेत तुझी वांगी मोजायला येतो का. त्या संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं, 'या वर्षी काय सोडणार?'

सुप्रभाचा घास हातात राहिला. 'तुम्ही विचारताय?'

'विचारू नये का?'

'वांगं. कांदा.'

'ते तर दर वर्षीचं. आमच्या आईचा एक नेम होता,' श्रीनिवास वरणात भात कालवत म्हणाला. तो भात मघाच कालवून झाला होता. 'आमच्या मागच्या अंगणातल्या हौदात मासे होते. चातुर्मासात ती हौदाला हात लावायची नाही. उपसायचा नाही, घासायचा नाही. जीवजंतूंचे महिने, पाण्याला पाण्याच्या पद्धतीने राहू द्यायचं, असं म्हणायची. गाळ असला तर असू दे. फक्त बाबा थोडं पाणी काढून थोडं नवं घालायचे. बाबांना चालायचं. पुरुषांना दोष नाही म्हणे.' बोलता बोलता त्याला घाम आला. आई शाळेत शिक्षिका होती, चातुर्मासात बिनदिक्कत वांग्याची भाजी खायची. 'मी म्हणतो, औषधं करून बघितली. आता हेही करून बघू. तू नेम धर. ते थोडं थोडं पाणी मी बघतो.'

सुप्रभाने त्याच्या ताटातल्या भाताकडे बघितलं. मग तिने ताक वाढलं. 'बरं,' ती म्हणाली. 'सासूबाईंचा नेम आहे तर धरते.'

तिला ते किती जड गेलं, हे तो रोज बघत होता. काचेवर शेवाळ चढलं. पाणी चहाच्या पहिल्या उकळीसारखं गढुळलं. ती टाकीपाशी यायची, हात पदराखाली घ्यायची आणि उभी राहायची. एकदा तो अचानक खोलीत आला तर ती झाकण उचलून स्पंजकडे बघत होती. त्याला बघून तिने झाकण ठेवलं आणि म्हणाली, 'नुसतं बघितलं हो.' श्रीनिवास शनिवारी नळी लावून थोडं पाणी काढायचा, आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं पाणी घालायचा, आणि ती आंघोळीला गेली की थेंब टाकायचा. हिरवं, हिरवं. मग फिकट. एका सकाळी पिवळं. त्याला इतका आनंद झाला की तो संडासात उभ्या उभ्या हसला, आणि हे कुणालाही सांगता येत नाही म्हणून लगेच थकल्यासारखाही झाला. कड थांबली. पांढरी पट्टी गळून गेली, आणि तिच्या जागी शेपटीला काचेसारखं, रंग नसलेलं नवं कातडं फुटायला लागलं. उजेड मागून असला तरच दिसे. सुप्रभानेच ते आधी पाहिलं. 'अहो, बघा तर खरं,' ती म्हणाली. यशोधनला तिने स्वतः फोन लावला, जे ती कधी करत नसे. 'तुझा मासा बरा झाला,' तिने सांगितलं, आणि पलीकडून तो काय म्हणाला कुणास ठाऊक, ती मोठ्यांदा हसली. श्रीनिवासला वाटलं, सुटलो. जमलं. जन्मात एकदा तरी आपल्याला जमलं.

त्या शनिवारी तो नेहमीसारखा टाकीपाशी गुडघ्यांवर बसला होता. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं बादलीत, पाणी आपलं आपण उतरत होतं. सुप्रभा खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. 'एक विचारू?' ती म्हणाली. 'सांगलीला सासूबाईंच्या घरी हौद कुठला होता हो? दोन खोल्या, त्या माडीवर. खाली चौकात एक नळ. लग्नानंतर आठ महिने मी भरलंय ते पाणी.'

श्रीनिवासने मान वर केली नाही. मासा समोरून जात होता, आरामात, नवी शेपटी मागे सोडून. 'मग ऐकलंस कशाला?' त्याने विचारलं.

'तुम्ही इतका जीव तोडून खोटं बोलत होतात. भात किती कालवलात त्या दिवशी.' एक शेंग तिने चिमटीत फोडली, दाणे वाटीत टाकले. 'काय झालं असेल ते मला कळलं तेव्हाच. मी धुते त्यानेच होतंय, हे तुम्हाला माझ्या तोंडावर सांगायचं नव्हतं.' आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्याला पुढचं वाक्य येताना दिसलं आणि ते अडवता आलं नाही. 'रेखाच्या वेळी नाही सुचलं तुम्हाला असं काही.'

तीस वर्षांत ते नाव तिने पहिल्यांदा घेतलं. त्या जर्नलमधला लेख त्याच्या ओठांवर आला, खारट पावडर, देशभरची बाळं. आता सांगावं, आत्ता, पण तोंड उघडलं तर पहिला शब्द कुठला निघेल याची त्याला खात्री नव्हती. 'नाही सुचलं,' तो म्हणाला. त्याला वाटलं आपण आणखी काही बोललो, पण बोलला नव्हता. बादली केव्हाच भरली होती. पाणी काठावरून उतरून कार्पेटमध्ये शिरत होतं, त्याच्या गुडघ्यांखाली गार लागलं तेव्हा त्याला कळलं. एरवी सुप्रभा एव्हाना उठून धावली असती. ती उठली नाही. वाटी मांडीवर घेऊन बघत राहिली. श्रीनिवास धडपडत उभा राहिला, इकडे बघ तिकडे बघ, आणि त्याच्या लक्षात आलं की इतकी वर्षं या घरात राहून पुसायची फडकी कुठल्या कपाटात असतात ते त्याला माहीत नाही.

'सुप्रभा, फडकं कुठे असतं गं?'

'फडकं नंतर,' ती म्हणाली. 'आधी ती नळी बाहेर काढा.'